विणलेलं सगळं 'नापास': क्रोशाच्या किटचा धंदा

"घरबसल्या क्रोशाच्या पिशव्या विणा, तयार माल आम्ही उचलतो, परदेशात पाठवतो." ही जाहिरात तुमच्याही व्हॉट्सॲप ग्रुपवर कधी ना कधी आली असेल. आमच्या सोसायटीत ती आली आणि मी, माझी जाऊ आणि तळमजल्यावरच्या काकू अशा आम्ही तिघींनी किट घेतलं. त्या लोकांचं नाव इथे देत नाही. एक तर तक्रार चालू आहे, आणि दुसरं म्हणजे नाव ते सारखं बदलतात. पद्धत मात्र तीच राहते, म्हणून सांगते ती पद्धतच.

ठरलं होतं असं: ४,५०० रुपये डिपॉझिट भरायचं. त्यात अडीच किलो 'एक्स्पोर्ट क्वालिटी कॉटन' दोरा, ४ मिलिमीटरची सुई आणि नमुन्याचा कागद. २५ पिशव्या विणून द्यायच्या, पिशवीमागे २२० रुपये मजुरी. माल पास झाला की मजुरीचे ५,५०० आणि डिपॉझिटही परत. एक पिशवी नीट विणायला सराईत हाताला सहा-सात तास लागतात, म्हणजे तासाला तीसेक रुपये पडतात. रेट मुळातच भिकार होता. पण विणणाऱ्या बाईला तो भिकार वाटत नाही, कारण एरवी ती भाचीला टोपी आणि नणंदेला शाल फुकटच विणून देत असते. हे त्या लोकांना पक्कं ठाऊक असतं.

किट आल्यावर काकूंनी दोरा स्वयंपाकघरातल्या काट्यावर ठेवला. भरला दोन किलो शंभर. फोन केला तर पलीकडची बाई अगदी गोड आवाजात म्हणाली, "ताई, कॉटन आहे ना, हवेने वजन कमी-जास्त होतं." हवेने म्हणे! चारशे ग्रॅम दोरा कुठल्या हवेने उडतो? शिवाय तो कॉटनही नव्हता. एक तुकडा चिमट्यात धरून पेटवला की कळतं. सुती दोरा कागदासारखा जळतो आणि मागे मऊ राखाडी राख राहते. खरी लोकर जळताना केस जळल्याचा वास येतो, आणि तिची काळी राख बोटांत चुरडली जाते. ॲक्रिलिक वितळतं आणि टोकाला कडक काळा मणी बनतो. आमच्या दोऱ्याचा झाला मणी. पण तोवर पैसे गेलेले होते आणि करारात 'उघडलेलं किट परत घेतलं जाणार नाही' असं कलम होतं.

दोरा कमी देण्यामागेही हिशेब होता. एका पिशवीला साधारण शंभर ग्रॅम दोरा लागतो. मग एकविसाव्या पिशवीनंतर करायचं काय? "त्याच शेडचा दोरा आमच्याकडूनच घ्यावा लागेल, १०० ग्रॅमला १८० रुपये." काकूंनी घेतला. माझी जाऊ पक्की हिशेबी. ती तुळशीबागेत गेली आणि जवळच्या रंगाचा दोरा घेऊन आली. रंग अगदी बारीक फरकाने गडद होता, म्हणून तिने तो सगळ्या पिशव्यांच्या बंदांवर, वरच्या दोन ओळींतच वापरला. हे लक्षात ठेवा, पुढे उपयोगी पडणार आहे.

खरी फसवणूक होती नमुन्याच्या कागदात. कागदावर लिहिलं होतं: ४० साखळ्या घ्या, त्यावर मुके खांब (क्रोशाचा आखूड, घट्ट टाका), टाक्यांत बदल चालणार नाही. आणि खाली: तयार रुंदी साडेनऊ इंच, फरक पाव इंचाच्या आत. वाचायला किती शिस्तीचं वाटतं. पण जिने आयुष्यात दोन स्वेटर विणलेत तिला ठाऊक असतं की एकाच सुईवर, एकाच दोऱ्याने दोन बायकांची वीण सारखी येत नाही. कुणाचा हात सैल, कुणाचा घट्ट. चार इंचांत सोळा टाके बसले तर चाळीस टाक्यांची रुंदी होते दहा इंच. अठरा बसले तर नऊ इंचांच्याही जरा आत. साडेनऊच्या आसपास यायचं तर चार इंचांत बरोबर सतरा टाके बसायला हवेत. म्हणून खरा ऑर्डर देणारा माणूस आधी एक छोटा चौकोन विणून मागतो, टाके मोजतो, आणि हात सैल असेल तर बारीक सुई, घट्ट असेल तर जाड सुई वापरायला सांगतो. नाहीतर माप पक्कं ठेवतो आणि टाके तुमच्यावर सोडतो. इथे सुईही ठरलेली, टाकेही ठरलेले, मापही ठरलेलं, आणि चौकोनाचा पत्ता नाही. म्हणजे बहुतेकींचा माल मापात बसणारच नाही याची सोय कागदावरच करून ठेवलेली.

माल पाठवल्यावर काही दिवसांनी 'गुणवत्ता तपासणी अहवाल' आला. शिक्का, सही, सगळं रीतसर. माझ्या पिशव्या नापास: 'रुंदी ०.६ इंच जास्त.' माझा हात सैल आहे, ते पटण्यासारखं होतं. जाऊबाईंचंही तेच: ०.६ इंच जास्त. मग काकूंचं पत्र आलं, ०.६ इंच जास्त! काकूंचा हात इतका घट्ट की त्यांच्या वीणेत सुई घुसवताना बोट दुखतं. त्यांच्या पिशव्या पाठवण्याआधी आम्ही टेपने मोजल्या होत्या, नऊच्या आत होत्या. पिशव्या कुणी मोजल्याच नव्हत्या. एकच मजकूर छापून ठेवला होता आणि वरचं नाव तेवढं बदललं होतं.

त्याच पत्रात आणखी दोन ओळी होत्या. नापास माल परत हवा असेल तर कुरिअर आणि 'हाताळणी' मिळून ६५० रुपये भरा. आणि ज्यांना 'दुसरी संधी' हवी त्यांच्यासाठी लेसच्या शालीचं किट, डिपॉझिट ९,०००. त्या शालीची अट ऐका: तयार शाल अंगठीतून आरपार गेली तरच पास. रशियातल्या ओरेनबर्गच्या शाली अशा अंगठीतून जातात, कारण त्या बकरीच्या अंगच्या अतिशय तलम लवेच्या असतात. काश्मिरी पश्मिन्याबद्दलही हेच सांगतात. हा गुण सुताच्या तलमपणाचा आहे. या किटात दिलेला दोरा होता जाड फोर-प्लाय ॲक्रिलिक. त्याची शाल अंगठीतून न्यायची म्हणजे अंगठीच बांगडीएवढी हवी. कोथरूडच्या एका ताईंनी डिपॉझिट सुटावं या आशेने तेही किट घेतलं. बुडणाऱ्या पैशामागे आणखी पैसे जातात ते असे.

आता धंद्याचं गणित बघा. दोन किलो शंभर ग्रॅम ॲक्रिलिक, सुई, छपाई, कुरिअर, सगळं धरून त्यांचा खर्च फार तर दीड हजार. डिपॉझिट साडेचार हजार. किट विकलं तिथेच तीन हजार सुटले. पिशवी पास करणं म्हणजे त्यांच्या खिशातून दहा हजार देणं. कोण करील?

आणि पिशव्या? दिवाळीच्या आधी जाऊबाई एका प्रदर्शनात गेली होती. तिथून तिचा फोन आला, "अगं, माझी पिशवी इथे टांगलीय." मला आधी वाटलं तशीच दुसरी असेल. पण बंदाच्या वरच्या दोन ओळी गडद होत्या, आणि दोऱ्याचं टोक तिच्या सवयीप्रमाणे आतून तीनदा उलटसुलट ओवलेलं होतं. विणणाऱ्या बाईला स्वतःची वीण हस्ताक्षरासारखी ओळखता येते. किंमत ८५० रुपये. स्टॉलवाल्याने सांगितलं, माल ठोकात घेतला, कुणी विणला ते माहीत नाही. तो खरं बोलत असावा. जाऊबाईने डोकं शांत ठेवून एक काम केलं: स्वतःचीच पिशवी ८५० रुपये मोजून, पक्कं बिल घेऊन विकत आणली. पुढे तक्रारीत सगळ्यांत वजनदार कागद ठरला तो हाच.

कागद त्यांच्याकडेही भरपूर होते, आणि बायका फसतात त्या बऱ्याचदा या कागदांना. करार पाचशेच्या स्टॅम्पपेपरवर होता. पण स्टॅम्पपेपर म्हणजे शुल्क भरल्याची खूण. आत लिहिलेलं न्याय्य आहे असं सरकार त्यावर म्हणत नाही. आणि आत एक वाक्य होतं, 'गुणवत्तेबाबत संस्थेचा निर्णय अंतिम राहील.' उद्यम नोंदणीचं, म्हणजे लहान उद्योगांच्या सरकारी नोंदणीचं, प्रमाणपत्र दाखवलं. ती नोंदणी फुकट होते आणि स्वतःच दिलेल्या माहितीवर होते. परदेशात माल पाठवतो म्हणणाऱ्याकडे आयात-निर्यात कोड लागतो, आणि तो विदेश व्यापार महासंचालनालयाच्या संकेतस्थळावर तपासता येतो. आम्ही तो मागितला तेव्हा "ऑफिसातून पाठवते, ताई" असं उत्तर आलं. आलं ते एवढंच. जीएसटी क्रमांकही पोर्टलवर टाकून बघावा. नोंदणी चालू आहे की रद्द झालीय, ते तिथे दिसतं.

पोलीस चौकीत पहिलं उत्तर मिळालं ते अपेक्षितच होतं: "करार आहे ना? मग हा दिवाणी वाद." एकटीची तक्रार असली की असंच होतं. पण तिघींची सारखीच पत्रं, काकूंच्या पिशव्या मोजतानाचे फोटो आणि प्रदर्शनातलं बिल समोर ठेवल्यावर सूर बदलला. देण्याचा इरादाच नसताना वचन देऊन पैसे घेतले, हे दाखवता आलं तर ती फसवणूक ठरते. १ जुलै २०२४ पासून तिला भारतीय न्याय संहितेचं कलम ३१८ लागतं, लोक अजून चारशेवीसच म्हणतात. पैसे ऑनलाइन गेले असतील तर १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर जितक्या लवकर फोन कराल तितकं बरं, पैसे पुढे सरकण्याआधी खातं गोठवलं जाण्याची शक्यता असते. आम्हाला ते उशिरा कळलं.

ग्राहक आयोगाचा रस्ताही आहे. "तुम्ही धंद्यासाठी घेतलंत, तुम्ही ग्राहक नाही" असं समोरचा म्हणतो. पण २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात, केवळ स्वयंरोजगारातून उदरनिर्वाह करण्यासाठी घेतलेली वस्तू व्यापारी हेतूत मोडत नाही असा खुलासा आहे. आपण राहतो त्या जिल्ह्यात तक्रार करता येते, आणि पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी नाही. आधी १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर नोंदवा. आमचं प्रकरण अजून चालू आहे. पैसे अद्याप आलेले नाहीत.

तक्रार केल्यावर वेगळाच एक फोन आला. "सायबर विभागातून बोलतोय, तुमचे साडेचार हजार मंजूर झालेत, हा क्यूआर स्कॅन करून पिन टाका." यूपीआयचा पिन लागतो पैसे द्यायला, घ्यायला नाही. आमचे नंबर त्याला कुठून मिळाले असतील याचा अंदाज तुम्हीच बांधा.

माझं माहेर सोलापूरचं. तिथे घरोघरी विड्या वळतात, त्या बायकांना पान-तंबाखू कारखाना देतो. आंध्रात नरसापूरला क्रोशाची लेस विणणाऱ्या बायकांना दोरा दलाल आणून देतो. मजुरी तिथेही तुटपुंजी आहे, माल काढून टाकण्यावरून भांडणं होतात, पण काम मिळवायला बाईच्या पदराची रक्कम कुणी भरून घेत नाही. आता मी ऑर्डर घेते ती अशी: दोऱ्याचे पैसे आगाऊ, नमुन्याचा चौकोन दोघांच्या सहीनिशी एक माझ्याकडे, एक त्यांच्याकडे. असं म्हटलं की निम्मी गिऱ्हाइकं फोन ठेवतात. ठेवू देत.

तुमच्याकडे असं 'नापास'चं पत्र आलं असेल तर चिडून फाडू नका. किटचा डबा, त्यावरची कुरिअरची चिठ्ठी, उरलेला हातभर दोरा, सगळं एका पिशवीत घालून ठेवा, आणि ओळखीत आणखी कुणाला पत्र आलंय का ते विचारा. त्यावर इंच किती लिहिलेत ते आधी बघा.