फुलराणी की अप्पूघर?

सुट्टीला भाचरं पुण्यात उतरली की दुसऱ्याच दिवशी "पाळण्यात कधी बसायचं?" सुरू होतं. घरची गाडी न काढता जायचं, तर माझ्यापुढे दोन नावं असतात: सारसबागेशेजारचं पेशवे पार्क आणि निगडीचं, मोठ्या पाळण्यांचं अप्पूघर.

पोर सहा-सात वर्षांच्या आतलं असेल, तर फार डोकं चालवू नका, पेशवे पार्कच. तिथली फुलराणी, म्हणजे मुलांची छोटी आगगाडी, ८ एप्रिल १९५६ला पहिल्यांदा धावली. नातवंडांना घेऊन येणाऱ्या आजोबांनी स्वतः लहानपणी तिच्यात बसण्याचा हट्ट केलेला असतो, त्यामुळे रांगेत उत्साह कोणाला जास्त, ते सांगणं अवघड. वेग असा, की सोबत आजी असली तरी निःशंक बसावं. मात्र निघण्याआधी गाडी चालू आहे ना, हे विचारून घ्या. ती दुरुस्तीला उभी दिसली, की पोराची समजूत काढताना नाकी नऊ येतात. वाघ-माकडांची आशा दाखवू नका; प्राणी केव्हाच कात्रजला गेले. ते बघायचे, तर स्वारगेटहून कात्रजची बस धरा, फक्त बुधवारी नको. त्या दिवशी प्राणिसंग्रहालय बंद असतं.

पेशवे पार्कला पोचणं तर अगदी सोपं. सप्टेंबर २०२४पासून मेट्रो जमिनीखालून थेट स्वारगेटला येते. तिथून दहा-पंधरा मिनिटं चाललं की झालं.

अप्पूघराला जायचं म्हणजे अख्खा दिवस मोकळा हवा. पण आठ-दहा वर्षांच्या पोरांना फुलराणी "बाळांची" वाटते, त्यांना उंच पाळणेच लागतात. त्यांच्यासाठी हा प्रवास सोसावा.

स्वारगेटहून पिंपरीपर्यंत मेट्रो, पुढे निगडीची पीएमपी बस (आमच्या घरी अजून पीएमटीच म्हणतात) आणि शेवटी रिक्षा. दोनदा उतरावं लागतं, तरी मला हाच मार्ग पटतो. आधी बोगदा, मग एकदम उजेड आणि उंचावरून शहर, यात पोरांचा अर्धा वेळ मजेत जातो. थेट निगडी बसही आहे. दापोडीनंतर तिला बीआरटीची, म्हणजे फक्त बससाठीची, वेगळी मार्गिका मिळते, पण तिथवर शहरातली गर्दी काही चुकत नाही. शिवाजीनगरजवळ राहणाऱ्यांनी लोकलने आकुर्डी गाठून रिक्षा करावी. फक्त वेळापत्रक बघून निघा, मुंबईसारखी एकामागोमाग लोकल इथं नसते. चिंचवड-आकुर्डीकरांना मात्र अप्पूघरच जवळ, त्यांनी स्वारगेटपर्यंत कशाला यावं?

येताना बस भक्ती-शक्ती चौकातून धरा. बऱ्याच बस तिथूनच सुटतात, त्यामुळे पेंगुळलेलं पोर मांडीवर घ्यायला बसायची जागा मिळते.