फॉक्सप्रोचं २ जीबीचं कुंपण आणि पोस्टग्रेस: काही महिन्यांच्या वापरानंतर

दूध संकलनाचं जुनं सॉफ्टवेअर सांभाळणाऱ्यांसाठी लिहितोय, आमचं फॉक्सप्रोवरून पोस्टग्रेस या दुसऱ्या डेटाबेसवर आणलंय. व्हिज्युअल फॉक्सप्रो या मायक्रोसॉफ्टच्या जुन्या डेटाबेसमध्ये कागदावर एका टेबलला १०० कोटी रेकॉर्ड चालतात, पण फाइल २ जीबीच्या वर जात नाही, आणि ही मर्यादा डीबीएफला (डेटाची फाइल) वेगळी, सीडीएक्सला (इंडेक्सची, म्हणजे नोंदी पटकन सापडाव्यात म्हणून ठेवलेल्या सूचीची फाइल) वेगळी. आमच्याकडे डीबीएफला अजून जागा होती पण सीडीएक्स आधी भरत आलं, कारण सभासद नंबर, केंद्र, तारीख, फॅट, ज्याला जो रिपोर्ट हवा त्याने त्याचा टॅग (सीडीएक्समधला एक इंडेक्स) वाढवलेला. वर्षवार टेबलं पाडता येतात हो, पण मग एका सभासदाचा पाच वर्षांचा उतारा काढायला युनियन (सगळ्या टेबलांचे निकाल जोडणं) लावत बसा. त्यात फॉक्सप्रोचा सपोर्ट २०१५ मध्येच संपलाय.

पोस्टग्रेसमध्ये टेबल असो की इंडेक्स, १ जीबी झालं की पुढची फाइल आपोआप सुरू होते, एक टेबल ३२ टीबीपर्यंत जातं. मोठी सुटका आहे ही! पण म्हणून दिसेल त्या कॉलमवर इंडेक्स टाकू नका. डंप (बॅकअपची फाइल) छोटा दिसतो कारण त्यात इंडेक्सची फक्त व्याख्या असते, रिस्टोर करताना सगळे इंडेक्स नव्याने बांधले जातात आणि वेळ तिथे जातो.

मला सगळ्यात आवडला तो ब्रिन इंडेक्स. टेबलच्या १२८ पानांचा (एक पान ८ केबीचं), म्हणजे १ एमबीचा, एक गठ्ठा धरून त्यातली सगळ्यात आधीची आणि सगळ्यात नंतरची तारीख एवढंच तो लिहून ठेवतो, त्यामुळे नेहमीचा बी-ट्री इंडेक्स शेकडो एमबीचा असेल तिथे हा काही केबीत बसतो आणि दहा दिवसांच्या बिलाची क्वेरी तरीही झटपट येते. अट एकच, डेटा तारखेच्या क्रमाने पडलेला हवा. एखाद्या केंद्राच्या जुन्या एंट्री उशिरा आल्या की त्या गठ्ठ्यांचा फायदा कमी होतो. आणि ऑटोसमराइज (नव्या गठ्ठ्यांची नोंद आपोआप करणारं सेटिंग) सुरुवातीला बंद असतं, ते चालू करा. सभासदाच्या उताऱ्याला मात्र सभासद नंबर आणि तारीख असा बी-ट्रीच लागतो, तिथे ब्रिन कामाचा नाही.

कुठले इंडेक्स वापरातच नाहीत ते पोस्टग्रेसच्या पीजी-स्टॅट-युजर-इंडेक्सेस या आकडेवारीत दिसतं, स्कॅन शून्य असलेले काढा, फक्त युनिकवाल्यांना (तीच किंमत दुसऱ्यांदा येऊ न देणाऱ्यांना) हात लावू नका. वापरून आत रिकामी जागा साचून फुगलेल्या इंडेक्ससाठी पोस्टग्रेसच्या आवृत्ती १२ पासून रीइंडेक्स कॉन्करंटली ही इंडेक्स नव्याने बांधायची कमांड आहे, एंट्री चालू असतानाही चालतं, पण नवा इंडेक्स पूर्ण होईपर्यंत जुनाही डिस्कवर असतो, तेवढी मोकळी जागा आधी बघून घ्या.