पद्मिनीसाठी नवा सोलेक्स कार्ब्युरेटर: बॉडी घ्यावी, जेट मात्र जुनेच लावावेत

प्रीमियर पद्मिनीच्या १०८९ सीसी इंजिनासाठी सध्या बाजारात सोलेक्स कंपनीच्या धाटणीचा, एका व्हेंचुरीचा (हवेच्या एकाच गळ्याचा) नवा कार्ब्युरेटर, म्हणजे पेट्रोल आणि हवा यांचे मिश्रण करून इंजिनाला देणारा भाग, मिळतो. तो पुण्याच्या नाना पेठेतून विकत घेऊन मी घरच्या पार्किंगमध्ये स्वतः बसवला आणि कडक उन्हाळ्यात व भर पावसाळ्यात वापरून पाहिला. हा अभिप्राय त्या अनुभवावर आधारलेला आहे. माझे मत आधीच सांगतो: या मालाची बॉडी आणि थ्रॉटल स्पिंडल (ॲक्सिलरेटरने उघडणाऱ्या झडपेची दांडी) पैसे वसूल करणारे आहेत, परंतु त्यासोबत येणारे जेट (पेट्रोल मोजून सोडणारे बारीक भोकाचे पितळी तुकडे) आणि निडल व्हॉल्व्ह (येणारे पेट्रोल थांबवणारी सुईची झडप) यांच्यावर विसंबून गाडी रस्त्यावर काढू नये.

कार्ब्युरेटर बदलण्याची वेळ खरोखर आली आहे का, हे आधी तपासणे आवश्यक आहे. गाडी मिस मारू लागली किंवा पिकअप घेईनाशी झाली की पहिला संशय कार्ब्युरेटरवर घेतला जातो, पण अनेकदा दोष इग्निशनच्या पॉइंटच्या गॅपमध्ये, जुन्या कंडेन्सरमध्ये किंवा टाकीतून पेट्रोल ओढणाऱ्या पंपाच्या थकलेल्या डायफ्रॅममध्ये (पडद्यामध्ये) असतो. दुरुस्तीचे किट बदलून आणि जेट साफ करून जे दुखणे बरे होते, त्यासाठी नवा कार्ब्युरेटर घेण्याचे कारण नाही. किट ज्याला उपाय नाही असा झिजलेला भाग मुख्यतः एकच, तो म्हणजे थ्रॉटलचा स्पिंडल आणि तो ज्या भोकांतून फिरतो ती बॉडीची भोके. पस्तीस-चाळीस वर्षे ॲक्सिलरेटरचा दांडा त्या स्पिंडलला एकाच बाजूने ओढत राहतो. भोक लंबगोल होते, त्यातून जादा हवा आत शिरते, मिश्रण पातळ होते, म्हणजे हवेच्या मानाने पेट्रोल कमी पडते, आणि सिग्नलला उभी असताना गाडी कधी भुरभुरते तर कधी बंद पडते. परीक्षा सोपी आहे. इंजिन चालू ठेवून स्पिंडलच्या टोकापाशी इंजिन ऑइलचे दोन-चार थेंब सोडावेत. ऑइलने फट भरली की क्षणभर आयडलिंग (उभ्या गाडीच्या इंजिनाचे संथ चालणे) बदलते, आणि तसे झाले तर हवा तिथूनच शिरते आहे असे खुशाल समजावे. लेथवर भोक मोठे करून पितळी बुश बसवणारे कारागीर अजून आहेत, पण ते काम सरळ रेषेत आणि शतांश मिलिमीटरच्या अचूकतेने झाले तरच उपयोगाचे. नाहीतर थ्रॉटलची चकती अडकते आणि ॲक्सिलरेटर सोडल्यावरही गाडी पळत राहते.

दुकानदाराने माल खोलून पाहू दिला, ही त्याची मोठी जमेची बाजू. काउंटरवर ठेवलेल्या काचेच्या तुकड्यावर फ्लँज, म्हणजे इंजिनावर टेकणारी सपाट बाजू, टेकवून पाहिली तेव्हा ती कोठेही डुलली नाही आणि काचेखाली फटही दिसली नाही. स्पिंडल बोटांनी वरखाली हलवून पाहिला तर खडखड अजिबात जाणवली नाही, आणि थ्रॉटल पूर्ण मिटवून कार्ब्युरेटर ट्यूबलाइटसमोर धरला तर चकतीच्या कडेने प्रकाशाची अगदी बारीक, सर्व बाजूंनी सारखी रेघ दिसत होती. ओतकामाच्या आतल्या वाटांमध्ये मात्र पांढरट भुकटी आणि यंत्रकामाचे कण राहिलेले होते. घरी आल्यावर सर्व जेट काढून त्या वाटा कार्ब्युरेटर क्लीनरने आणि हवेच्या दाबाने साफ करणे अपरिहार्य ठरले. कारखान्यातून नवे निघाले म्हणजे स्वच्छ आहे, असे येथे गृहीत धरता येत नाही.

आता जेटविषयी, कारण संपूर्ण खरेदीचे गणित त्यावर ठरते. सोलेक्सच्या मेन जेटवर कोरलेला आकडा म्हणजे भोकाचा व्यास, मिलिमीटरच्या शंभराव्या भागात. १२० असेल तर १.२० मिलिमीटर. नव्या कार्ब्युरेटरच्या मेन जेटवर आणि माझ्या मूळ जेटवर एकच आकडा होता, तरीही दोन्ही भिंगाखाली धरल्यावर फरक लपत नव्हता. मूळ जेटचे भोक कडेला स्वच्छ उतार दिलेले आणि आतून गुळगुळीत होते, तर नव्याच्या तोंडाशी ड्रिलने उचललेला पितळेचा पापुद्रा तसाच राहिलेला होता. पेट्रोल किती वाहील हे केवळ व्यासावर नव्हे, तर त्या तोंडाच्या घडणीवरही अवलंबून असते. म्हणून एकच आकडा असलेले दोन जेट वेगवेगळे वागू शकतात. नव्या जेटवर गाडी चालू झाली, आयडलिंगही बरे होते, पण तिसऱ्या गिअरमध्ये चढ घेताना ती गुदमरत होती आणि प्लग काढून पाहिले तर इन्सुलेटर काळेकुट्ट, काजळी धरलेले निघाले, म्हणजे पेट्रोल जास्त जात होते. मूळचे मेन जेट, एअर करेक्शन जेट, इमल्शन ट्यूब (पेट्रोलमध्ये हवा मिसळणारी नळी) आणि पायलट जेट (आयडलिंगचा जेट) नव्या बॉडीत घातले आणि ही तक्रार संपली. आटे जुळतात, ही गोष्ट मी मुद्दाम नोंदवतो, कारण तसे नसते तर हा माल घेण्याची शिफारस करता आली नसती.

निडल व्हॉल्व्हची तक्रार अधिक गंभीर आहे, कारण तेथे प्रश्न सुरक्षिततेचा आहे. पहिल्याच चाचणीत फ्लोट चेंबर, म्हणजे तरंगत्या फ्लोटने पेट्रोलची पातळी राखणारी कार्ब्युरेटरची वाटी, भरल्यानंतरही पेट्रोल थांबेना आणि झाकणाच्या कडेने ओव्हरफ्लो होऊ लागले. गरम इंजिनावर ठिबकणारे पेट्रोल म्हणजे आगीला आमंत्रण. व्हॉल्व्ह काढून, उलटा धरून, नळीने फुंकून पाहिला तर हवा आरपार जात होती. म्हणजे सुई तिच्या बैठकीवर बसतच नव्हती. दुसरा, चांगल्या प्रतीचा व्हॉल्व्ह वेगळा आणून लावला. या कार्ब्युरेटरमध्ये फ्लोटची पातळी निडल व्हॉल्व्हखालच्या वॉशरच्या जाडीवर ठरते, त्यामुळे व्हॉल्व्ह बदलताना जुन्या वॉशरची जाडी व्हर्निअर कॅलिपरने मोजून तेवढ्याच जाडीचा नवा वॉशर घालावा. ॲक्सिलरेटर पंपाचा डायफ्रॅम चांगला निघाला. थ्रॉटल झटक्यात उघडल्यावर पेट्रोलची सलग, सरळ धार पडत होती. सोबतचे कागदी गॅस्केट (जोडातली गळती रोखणारा थर) मात्र पातळ आणि ठिसूळ आहे, ते लावूच नये.

बसवण्याचे काम घरी करता येते; त्यासाठी मोठी हत्यारे लागत नाहीत, पण शिस्त लागते. बॅटरीची निगेटिव्ह केबल सोडवावी, इंजिन पूर्ण थंड होऊ द्यावे, जवळपास शेगडी, देवाचा दिवा किंवा सिगारेट नाही याची खात्री करावी आणि आग विझवण्याचे सिलिंडर हाताशी ठेवावे. एअर क्लीनर, पेट्रोलची नळी, चोकची केबल आणि ॲक्सिलरेटरचा दांडा सोडवण्यापूर्वी मोबाईलवर फोटो काढून ठेवले तर स्प्रिंग कोणत्या भोकात होती यावरून नंतर वाद राहत नाही. दोन नट काढून जुना कार्ब्युरेटर उचलला की उघड्या तोंडात लगेच स्वच्छ फडके कोंबावे. तेथून आत पडलेला एक वॉशर संपूर्ण सिलिंडर हेड उतरवायला लावू शकतो. जुने गॅस्केट पात्याने खरवडून काढावे. कार्ब्युरेटर आणि इंजिन यांच्यामध्ये जो उष्णतारोधक फायबरचा जाड तुकडा असतो, त्याला तडा गेला नसेल तर तोच पुन्हा वापरावा आणि कोणत्याही परिस्थितीत वगळू नये. इंजिनाची उष्णता फ्लोट चेंबरपर्यंत पोहोचू न देण्याचे काम तोच करतो. दोन्ही नट आलटून पालटून थोडे थोडे आवळावेत. या बॉडी जस्ताच्या मिश्रधातूच्या ओतीव असतात, त्यामुळे जोर लावला की फ्लँजचे कान वाकतात आणि ज्या हवेच्या गळतीसाठी खर्च केला तीच पुन्हा सुरू होते. गॅस्केटला सिलिकॉन सीलंट फासण्याची सवय अनेक मिस्त्र्यांना आहे; पेट्रोलने फुगलेला त्याचा कण पायलट जेटमध्ये जाऊन बसतो, म्हणून ते टाळावे.

ट्यूनिंग करण्याआधी पॉइंटचा गॅप आणि इग्निशन टायमिंग ठीक करून घ्यावे, नाहीतर एका ठिकाणची चूक दुसऱ्या ठिकाणी लपवली जाते. मिक्श्चर स्क्रू हलक्या हाताने पूर्ण आत न्यावा आणि तेथून सुमारे दीड फेरी बाहेर आणावा. आवळून बसवला तर त्याच्या टोकाला खाच पडते आणि मग तो स्क्रू कायमचा निकामी होतो. इंजिन नीट तापल्यावर, चोक पूर्ण आत असताना, व्हॅक्यूम गेजचा (इंजिनातला निर्वात मोजणाऱ्या मीटरचा) काटा जिथे सर्वांत वर आणि स्थिर राहतो तिथे मिक्श्चर ठेवावे आणि मग आयडलिंगचा स्क्रू कमी करावा. जुन्या कार्ब्युरेटरवर हा काटा सतत थरथरत असे. नव्या बॉडीवर तो जागचा हलत नाही, आणि या उत्पादनाच्या बाजूने यापेक्षा मोठा पुरावा मला देता येणार नाही.

इथेनॉलचा मुद्दा स्वतंत्रपणे मांडायला हवा, कारण जुन्या गाड्यांच्या मालकांमध्ये त्याबद्दल भीती जास्त आणि हिशेब कमी दिसतो. २०२३ पासून आपल्याकडे २० टक्के इथेनॉल मिसळलेले पेट्रोल पंपांवर येऊ लागले आणि आता जवळपास सर्वत्र तेच मिळते. शुद्ध पेट्रोलच्या पूर्ण ज्वलनासाठी एका भागाला वजनाने सुमारे १४.७ भाग हवा लागते, इथेनॉलला सुमारे ९. म्हणजे वीस टक्के मिश्रणाला साडेतेराच्या आसपास. हवा तेवढीच राहिली तर इंधन साधारण आठ टक्के जास्त हवे. जेटमधून वाहणारे इंधन भोकाच्या क्षेत्रफळावर ठरते, म्हणून १२० च्या जागी १२५ चा जेट लावला तर क्षेत्रफळ साडेआठ टक्क्यांनी वाढते. एका पायरीची ही वाढ गणितात जवळजवळ नेमकी बसते आणि प्रत्यक्षातही माझ्या गाडीला ती मानवली. मूळ मेन जेटपेक्षा एक पायरी मोठा, जुन्या साठ्यातला अस्सल जेट लावल्यावर सतत साठच्या वेगाने जाताना येणारा हलका झटका नाहीसा झाला आणि प्लग बदामी रंगाचे झाले. ज्यांचे प्लग आधीच काळे आहेत त्यांनी मात्र ही पायरी चढू नये. इथेनॉलला जुने रबर सोसत नाही, तेव्हा पेट्रोलच्या नळ्या आणि पंपाचा डायफ्रॅम याच वेळी बदलून घ्यावेत. गाडी महिनाभर उभी राहणार असेल तर फ्लोट चेंबर रिकामा करून ठेवावा, कारण इथेनॉल हवेतील ओल शोषते आणि त्या ओलीने जस्ताच्या बॉडीवर पांढरी बुरशीसारखी पूड धरते.

एवढे सगळे केल्यावर गाडी कशी चालते? सकाळी थंड इंजिन चोक ओढून पहिल्या झटक्यात सुरू होते, सिग्नलला शांतपणे उभी राहते, आणि मे महिन्यात भर दुपारी खंबाटकीचा घाट चढताना पेट्रोलची वाफ होऊन गाडी बंद पडू नये म्हणून इंजिनाच्या पेट्रोल पंपावर ओले फडके टाकण्याचा जुना टॅक्सीवाल्यांचा उपाय करावा लागला नाही. ॲव्हरेज थोडे सुधारले आहे, पण त्या आशेने कोणी हा खर्च करू नये. खरा फायदा गाडी न अडखळता चालण्यात आहे.

मारुती ८०० चा कार्ब्युरेटर ॲडॅप्टर प्लेट टाकून पद्मिनीवर बसवून देणारी गॅरेजेस आहेत आणि ॲव्हरेजच्या आमिषाने अनेकांनी तो बसवलाही. तो तीन सिलिंडरच्या ७९६ सीसी इंजिनासाठी जुळवलेला आहे. त्याच्या वाटा आणि जेट आपल्या चार सिलिंडरच्या इंजिनाला धरून नाहीत. गाडी मूळ स्वरूपात राखण्याची इच्छा असेल तर त्या वाटेला जाऊ नये.

किमतीबद्दल सांगायचे तर कार्ब्युरेटर, वेगळा निडल व्हॉल्व्ह, गॅस्केट आणि जुन्या साठ्यातले जेट मिळून पाच हजारांच्या आत काम भागले. त्या मानाने बॉडीचा दर्जा खरोखर चांगला आहे. ज्या निर्मात्याला इतका अचूक स्पिंडल बसवता येतो त्याला चार पितळी जेट नीट घासून देणे अशक्य नाही, आणि त्याने ते करावे अशी माझी मनापासून मागणी आहे. मुंबईत २०२३ च्या ऑक्टोबरअखेरीस शेवटची पद्मिनी टॅक्सी रस्त्यावरून उतरली. तोपर्यंत निदान टॅक्सीवाल्यांच्या गरजेने कुर्ल्यापासून नाना पेठेपर्यंत या गाडीच्या सुट्या भागांचा बाजार तग धरून होता. आता गिऱ्हाईक उरले आहे ते हौसेने गाडी जपणाऱ्यांचे, संख्येने थोडे, पण चांगल्या मालासाठी चार पैसे जास्त मोजायला तयार असलेले.

दुकानातून निघताना विक्रेता म्हणाला होता, "काका, जुना कार्ब्युरेटर भंगारात घालू नका." हा सल्ला मोलाचा आहे. जुन्या बॉडीतले, नव्यात न घातलेले जेट, इमल्शन ट्यूब, फ्लोट, झाकणाचे स्क्रू असे सर्व काढून, आकड्यांची चिठ्ठी लावून, कोरड्या डब्यात ठेवावेत. खरेदी करताना पक्के बिल मागावे, निडल व्हॉल्व्ह दुकानातच फुंकून पाहावा, आणि व्यापारी जर खोका उघडू देत नसेल तर शेजारच्या दुकानात जावे.