आयत, वर्तुळ की मास्क? पायगेममध्ये टक्कर चुकते तेव्हा काय निवडावे

पहिला द्विमितीय गेम लिहिताना नायक भिंतीत अर्धा शिरतो, गोळी शत्रूच्या आरपार जाते किंवा नाणे हाती लागण्याआधीच गोळा होते, आणि मग टक्कर ओळखण्याची पद्धतच बदलावी असे वाटू लागते. पायगेम या पायथन भाषेतील गेम लिहिण्याच्या लायब्ररीमध्ये अशा पद्धती प्रामुख्याने तीन आहेत: आयत, वर्तुळ आणि मास्क (चित्राचे कोणते पिक्सेल भरीव आहेत याचा नकाशा). यांतली एक निवडण्याआधी एक काम अवश्य करावे. चित्रे रेखाटून झाल्यावर, ज्या आकाराने टक्कर तपासली जाते तोच आकार प्रत्येक फ्रेममध्ये लाल रेषेने पडद्यावर काढावा. पुष्कळदा हा लाल आयत पडद्याच्या वरच्या डाव्या कोपऱ्यात बसून राहिलेला दिसतो, आणि दोष पद्धतीचा नसून 'गेट_रेक्ट' या फंक्शनच्या वापराचा असल्याचे लक्षात येते. हे फंक्शन चित्राची रुंदी आणि उंची सांगते, पण चित्र पडद्यावर कुठे आहे हे त्याला ठाऊक नसते. म्हणून ते दर फ्रेमला नव्याने बोलावले की आयत पुन्हा शून्य-शून्य या स्थानावर जातो.

स्थान बरोबर असूनही टक्कर चुकत असेल, तरच पद्धतीचा विचार करावा. तेव्हा माझ्या मते खरा प्रश्न अचूकतेचा नसतो. गेमला नुसते 'लागले का' एवढेच कळायला हवे आहे, की 'कोणत्या बाजूने लागले' हेही कळायला हवे आहे, यावर निवड ठरते.

भिंती, जमीन आणि फळ्या यांच्यासाठी आयतच घ्यावा, कारण आयताला डावी, उजवी, वरची आणि खालची अशा कडा असतात आणि टक्कर झाल्यावर नायकाला कुठे आणून ठेवायचे हे त्या कडांवरूनच ठरवता येते. मात्र आडवी आणि उभी हालचाल एकदम करून मग टक्कर तपासली, तर नायक जमिनीवर चालतानाच अडखळतो किंवा भिंतीला घासताच उडून तिच्या माथ्यावर जातो, कारण टक्कर कोणत्या दिशेने झाली हे प्रोग्रामला सांगता येत नाही. त्यासाठी आधी फक्त आडवे सरकवावे, टक्कर झाल्यास उजवीकडे जाणाऱ्या नायकाची उजवी कड भिंतीच्या डाव्या कडेला लावावी, आणि त्यानंतरच उभी हालचाल करून तीच तपासणी पुन्हा करावी.

आयताचा दुसरा दोष सहज नजरेत येत नाही. पायगेमचा साधा आयत फक्त पूर्णांक साठवतो. नायक १०० या स्थानी असताना वेग १.५ असेल, तर उजवीकडे १०१.५ चे १०१ होतात आणि डावीकडे ९८.५ चे ९८. म्हणजे एकाच वेगाने नायक उजवीकडे १ पिक्सेल आणि डावीकडे २ पिक्सेल सरकतो. यावर उपाय म्हणून खरे स्थान दशांशात वेगळे ठेवावे आणि टक्कर तपासण्यापुरते ते आयतात उतरवावे. भिंतीने नायकाला मागे सारले, तर ती दुरुस्ती दशांशातल्या स्थानातही करायला विसरू नये. पायगेम-सीई या पायगेमच्या समुदायाने चालवलेल्या आवृत्तीमध्ये दशांश साठवणारा 'एफरेक्ट' उपलब्ध आहे, त्यामुळे नव्याने सुरुवात करणाऱ्याने तो विचारात घ्यावा.

चेंडू, नाणी आणि लघुग्रह यांसारख्या गोल वस्तूंना आयत लावला, तर मोकळ्या कोपऱ्यांत खोट्या टकरी होतात. चौरसात बसवलेल्या वर्तुळाबाहेर चौरसाचे सुमारे २१ टक्के क्षेत्रफळ उरते. येथे वर्तुळ योग्य. वर्तुळाने टक्कर तपासणारे 'कोलाइड_सर्कल' वापरताना स्प्राइटला (चित्र आणि आयत एकत्र ठेवणाऱ्या गेममधील वस्तूला) स्वतःची 'रेडियस' म्हणजे त्रिज्या देणे मात्र आवश्यक आहे. ती दिली नाही, तर संपूर्ण आयत सामावून घेणारे वर्तुळ धरले जाते: ६४ पिक्सेलच्या चौरसासाठी ३२ ऐवजी सुमारे ४५ त्रिज्या, म्हणजे आयतापेक्षाही वाईट स्थिती.

मास्क प्रत्यक्ष पिक्सेल तपासतो, म्हणून नवशिक्याला तोच सर्वांत खरा वाटतो. वेड्यावाकड्या आकाराच्या शत्रूसाठी तो खरोखरच उत्तम आहे, कारण दोन शिंगांमधल्या मोकळ्या जागेतून सुटलेल्या खेळाडूचा जीव जाणे अन्यायाचे ठरते. परंतु मास्क हाताशी कडा देत नाही, म्हणून भिंतींसाठी तो निवडणाऱ्याला नायक बाहेर कोणत्या दिशेने काढावा याचे उत्तर स्वतःच शोधत बसावे लागते. मास्क असूनही टक्कर आयतासारखीच होत असेल, तर चित्र पारदर्शकता राखणाऱ्या 'कन्व्हर्ट_अल्फा' ऐवजी 'कन्व्हर्ट' ने घेतले आहे का ते पाहावे. पारदर्शकता गेली की, रंग-की (पारदर्शक मानायचा एक ठरावीक रंग) दिलेली नसल्यास, पूर्ण चौकट भरीव मानली जाते. दोन मास्क एकमेकांवर येतात का हे तपासणाऱ्या 'ओव्हरलॅप' ला द्यायचे अंतर दुसऱ्या वस्तूच्या स्थानातून पहिल्याचे स्थान वजा करून काढतात; ते उलट झाले की टकरी भलत्याच जागी होतात. मास्क दर फ्रेमला नव्याने बनवू नये, चित्र उघडतानाच एकदा बनवून स्प्राइटमध्ये ठेवावा.

गोळी भिंतीतून आरपार जाण्याच्या तक्रारीवर मात्र या तिन्हींपैकी एकही पद्धत उपाय नाही. सेकंदाला १२०० पिक्सेल वेगाची गोळी ६० फ्रेमच्या गतीत एका फ्रेममध्ये २० पिक्सेल जाते. गोळी ४ आणि भिंत ८ पिक्सेल जाडीची असेल, तर एका फ्रेमला ती अलीकडे आणि पुढच्या फ्रेमला पलीकडे असू शकते, आणि मधल्या क्षणी तपासणी झालेलीच नसते. १० पिक्सेलच्या दोन पावलांत हालचाल केली, तर टक्कर निसटत नाही. पायगेम २ मधील 'क्लिपलाइन' ने गोळीचा मार्ग रेषा म्हणून भिंतीशी तपासणे हा दुसरा मार्ग आहे, आणि वेग फार असल्यास मी तोच घेईन.

फळ्यांवर उड्या मारणारा गेम करत असाल, तर नायकासाठी आयतच ठेवावा, पण तो चित्राच्या आयतापेक्षा वेगळा असावा. चालण्याच्या आणि उडीच्या चित्रांची रुंदी बदलते, आणि चित्राचाच आयत टकरीसाठी वापरला तर भिंतीला टेकून उभा असलेला नायक नुसती मुद्रा बदलताच भिंतीत रुततो. टकरीचा आयत कायम एकाच मापाचा ठेवून त्याच्या तळाच्या मध्यबिंदूवर चित्र बसवावे. शत्रूच्या स्पर्शासाठी आयताचे माप बदलणाऱ्या 'इन्फ्लेट' ला ऋण आकडे देऊन त्याहून लहान आयत करावा आणि नाण्यांसाठी थोडा मोठा, कारण नाणे जरा लवकर मिळाल्याची तक्रार कोणी करत नाही, पण जीव जरा लवकर गेल्याची तक्रार प्रत्येक खेळाडू करतो.