हरमलचं 'ट्रॉमा पॅकेज' घेण्याआधी हे वाचा

माझ्या नवऱ्याला लहानपणी काकांनी पट्ट्याने मारलंय, अंधाऱ्या खोलीत कोंडलंय. चाळिशी उलटली तरी दार आपटलं की तो घामाघूम होतो. डॉक्टरांनी पीटीएसडी (मोठ्या आघातानंतर मागे राहणारा मानसिक आजार) सांगून सर्ट्रालीनची गोळी सुरू केली होती आणि जरा झोपही लागत होती. तेवढ्यात डिचोलीतल्या एका ओळखीच्याने गोव्यातल्या हरमलच्या एका केंद्राचं पत्रक आणून दिलं: 'बालपणीच्या जखमा सात दिवसांत मुळासकट बऱ्या'. पंचेचाळीस हजार, सगळे आगाऊ.

तो ओळखीचा माणूस सारखा ईएमडीआरचं नाव घ्यायचा, आणि गोम तिथेच आहे. ईएमडीआर ही खरी उपचारपद्धती आहे: त्रासदायक आठवण मनात आणून डोळे एका लयीत डावीकडे-उजवीकडे फिरवायला लावतात. फ्रान्सिन शॅपिरो यांनी ती १९८७ पासून विकसित केली आणि जागतिक आरोग्य संघटनेने २०१३ मध्ये पीटीएसडीसाठी तिची शिफारस केली. पण तिच्यात आधी माणसाचा इतिहास समजून घेतात, स्वतःला सावरायचं कसं ते शिकवतात, आणि मगच आठवणीला हात घालतात. नवरा गेला, तर हरमलच्या केंद्रात पहिल्याच सकाळी वीसेक जणांना सतरंजीवर झोपवून ओरडायला लावलं. मोबाईलवर चित्रीकरणही चालू होतं!

पुढे ह्याला सांगितलं, "काका निमित्त. खरं तुझ्या बाबांनी केलंय, तुला आठवत नाही एवढंच." थकलेल्या, रडून सुजलेल्या माणसाच्या मनात असं काहीही पेरता येतं. सासरे बिचारे फोन करत राहिले, हा उचलेना. वर "गोळ्यांनी ऊर्जा अडते, बंद करा". ही गोळी एकदम सोडली की चक्कर येते, जीव कासावीस होतो, तसंच झालं. त्यावर उत्तर काय, तर "जखम बाहेर पडतेय, दुसरी पातळी घ्या." तिचे ऐंशी हजार वेगळे.

पैसे परत मागितले तेव्हा पावती पुढे केली. त्यावर 'निवासी कार्यशाळा' एवढंच लिहिलेलं. म्हणे, आम्ही उपचार करतो असं कुठे म्हटलं?

कुणाकडेही जाण्याआधी नोंदणी क्रमांक मागा. क्लिनिकल सायकॉलॉजिस्टची नोंद भारतीय पुनर्वास परिषदेकडे असते, मानसोपचारतज्ज्ञाची वैद्यकीय परिषदेकडे. क्रमांक विचारल्यावर जो "श्रद्धा ठेवा" म्हणतो, त्याला दुरूनच नमस्कार करा. टेली-मानस ह्या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या १४४१६ वर फुकट बोलता येतं, मराठीतूनही. पैशांच्या तक्रारीसाठी ग्राहक हेल्पलाइन १९१५.

तिथे जाऊन आलेल्यांनी पावती, पत्रक आणि व्हॉट्सअ‍ॅपवरचे निरोप पुसू नका. आणि आपलं चित्रीकरण काढून टाका म्हणून आजच लेखी मागणी करा.