पॅनेल उकलल्यावर सापडलेला हिशेब

"टाइल फोडायची नाही, धूळ नाही, एका दिवसात नवं बाथरूम, गळती कायमची बंद, वर १० वर्षांची गॅरंटी." नाशिकच्या सिडकोतल्या एका जुन्या घरात याच बोलीवर बाथरूमच्या भिंतींना पीव्हीसी पॅनेल, म्हणजे प्लास्टिकच्या पोकळ फळ्या, लागल्या. चौथ्या महिन्यात पलीकडच्या खोलीतल्या भिंतीचे पोपडे निघायला लागले, तेव्हा पॅनेल उकलावे लागले. ठेकेदाराचं नाव इथे मुद्दाम दिलेलं नाही. अशी कामं करणारा तो एकटा नाही, आणि नाव कळून पुढच्या माणसाची फसवणूक टळणारही नाही. पद्धत कळली तर टळेल.

आधी बिल, कारण फसवणूक तिथूनच सुरू झाली. बाथरूम ७ बाय ५, पॅनेलची उंची ७ फूट. भिंतींची एकूण लांबी २४ फूट, अडीच फुटांचा दरवाजा वजा केला की साडेएकवीस. गुणिले ७, म्हणजे साधारण १५० चौरस फूट. दर मजुरीसकट १२० रुपये ठरला होता, म्हणून घरच्यांनी १८ हजार धरले. बिल आलं २१७ चौरस फुटांचं, २६,०४० रुपये. विचारलं तर उत्तर एकच, "वेस्टेज."

गंमत म्हणजे आकडेमोड बरोबर आहे. पॅनेल १० इंच रुंद आणि १० फूट लांब, म्हणजे एक नग ८.३३ चौरस फुटांचा. साडेएकवीस फुटांना २६ नग लागतात, त्यांचे झाले २१७. पण प्रत्येक नगातून ३ फुटांचा तुकडा उरतो. असे २६ तुकडे, जवळपास ६५ चौरस फूट माल, पैसे ग्राहकाने मोजलेले, आणि संध्याकाळी तो टेम्पोत भरून गेला. कोणाच्या तरी बाल्कनीत तो पुन्हा विकला गेला असणार. कोपऱ्याच्या आणि कडेच्या पट्ट्या 'सगळं धरून' होत्या, त्याही नगावर वेगळ्या लावल्या. म्हणून दर ठरवतानाच विचारायचं: मोजणी भिंतीची की मालाची? मालाची असेल तर तुकडे आमचे. आणि ८ बाय ४ ची सलग शीट घेतली तर याच बाथरूमला ६ पुरतात, १९२ चौरस फूट. सांधेही कमी, आणि शॉवरखाली सांधा कमी म्हणजे गळायची जागा कमी.

कोटेशनवर जाडी लिहिली होती ८ मिलिमीटर. बसवल्यावर जाडी दिसत नाही, कडा पट्टीत झाकलेली असते. तपासायला व्हर्नियर कशाला, मुलांच्या कंपासपेटीतली पट्टी पुरते. दहा तुकडे एकावर एक ठेवा, थर ८ सेंटीमीटर भरला पाहिजे. इथे उकललेल्या मालाचा भरला साडेपाच. छताला लावायचा हलका माल भिंतीला मारला होता. अंगठ्याने दाबला की आत जायचा.

आता मागची बाजू. मूळ गळती भिंतीतल्या जुन्या लोखंडी पाइपाच्या एल्बोची, म्हणजे वळणाच्या जोडाची, होती. शॉवरचं पाणी भिंतीत जाणं पॅनेल अडवेल, पण पाइपातून भिंतीत झिरपणारं पाणी तो अडवू शकत नाही, उलट दिसू देत नाही. पॅनेल लावण्याआधी दोन चाचण्या हव्यात. नळांची तोंडं बंद करून हातपंपाने लाइनला दाब द्यायचा आणि अर्धा-एक तास पंपावरचा दाबाचा काटा हलतो का बघायचं. मग नहाणी ट्रॅप, म्हणजे जमिनीवरचं पाणी जायचं तोंड, बंद करून जमिनीवर इंचभर पाणी २४ तास ठेवायचं, पेन्सिलीची खूण करून. पहिल्या चाचणीत काटा उतरला तर प्लंबर बोलवा, पॅनेलवाला नको.

पॅनेल १२ मिलिमीटर प्लायच्या पट्ट्यांवर ठोकले होते. सांगितलं होतं मरीन, म्हणजे पाण्यात टिकणारा, निघाला साधा कमर्शियल. पट्ट्या फुगून पापुद्र्यापापुद्र्याने सुटत होत्या. मरीन प्लायवर 'आयएस ७१०' असा शिक्का असतो, ७२ तास उकळूनही त्याचे थर सुटता कामा नयेत असा निकष आहे. पट्टी कापून आणली की शिक्का दिसत नाही, म्हणून अख्खी शीट समोर कापायला लावा. खरं तर टाइल पक्की आणि भिंत ओळंब्यात असेल तर पट्ट्यांची गरजच नसते, पॅनेल थेट चिकटवता येतो.

याच पट्ट्यांनी आणखी एक घोळ केला. भिंत पावणेदोन सेंटीमीटर पुढे आली, तरी नळाला एक्स्टेंशन निपल, म्हणजे लांबी वाढवणारा आट्यांचा तुकडा, जोडला नाही. नळ जेमतेम दोन आट्यांवर धरला होता, वर टेफ्लॉनचा जाडजूड गुंडाळा. थेंब थेंब पाणी पॅनेलच्या मागे. पन्नास-शंभर रुपयांच्या तुकड्यासाठी!

सांधे बुजवायचं सिलिकॉन न्यूट्रल प्रकारचं सांगून अ‍ॅसिटिक प्रकारचं वापरलं होतं. लावताना व्हिनेगरसारखा आंबट वास आला की ओळखा. ते सिमेंटवर नीट धरत नाही आणि धातूला गंजवतं. २८० मिलीच्या नळीत ६ मिलिमीटरची रेघ साधारण २५ फूट जाते. शॉवरच्या भागातले सांधे, कोपरे आणि खालची कड मिळून ८० फूट धरले तर तीन-चार नळ्या हव्यात. बिलात सहा होत्या, घरात रिकाम्या दोनच सापडल्या. दोन पॅनेल एकमेकांत बसतात त्या खाचेच्या आत सिलिकॉन नव्हतंच, सांध्यावर नुसती रेघ ओढलेली.

खालची कड थेट फरशीवर टेकवली होती. पोकळ पॅनेलच्या नळ्या तिथे उघड्या राहतात, पाणी शोषल्यासारखं वर चढतं आणि काळी बुरशी धरते. चारेक मिलिमीटरची फट ठेवून ती सिलिकॉनने भरायची. वरही तेवढी मोकळी जागा हवी, कारण नाशिकच्या जानेवारीत पारा १० अंशांखाली आणि मे महिन्यात चाळिशीला, तेवढ्यात ७ फुटांचा पॅनेल ४ मिलिमीटरच्या आसपास वाढतो. थंडीत घट्ट बसवलेला उन्हाळ्यात फुगून सुटतो.

आणि एक गोष्ट बिलाशी संबंध नसलेली. 'फिनिशिंग'साठी झरोका पॅनेलने बंद केला होता, घरात गॅस गीझर. बंद बाथरूममध्ये त्यातून कार्बन मोनॉक्साइड साठतो, त्याला वास नसतो, माणूस बेशुद्ध होऊन मरतो. पॅनेलवाला कितीही म्हणो, झरोका झाकू देऊ नका. गॅस गीझर तर बाथरूमच्या बाहेरच हवा.

तक्रारीसाठी राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५. जिल्हा ग्राहक आयोगात दोन वर्षांच्या आत जावं लागतं, ५ लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी नाही. मात्र जाडी, प्लायचा प्रकार आणि मोजणीची पद्धत लेखी हवी. इथे व्हॉट्सअ‍ॅपवर आलेल्या कोटेशनमध्ये जाडी सोडली तर 'बाथरूम पॅनेल काम, पूर्ण' एवढंच होतं, आणि गॅरंटीचं कार्ड उघडून वाचलं तर १० वर्षांची हमी होती ती पॅनेलचा रंग न उडण्याची.