हरहुन्नरी सेफ्टी घ्यावा की एकाच जागेवर पक्का असलेला?

ड्राफ्ट (संघांनी आळीपाळीने नवे खेळाडू निवडायची प्रक्रिया) जवळ आला की अमेरिकन फुटबॉलच्या एनएफएल या लीगच्या चाहत्यांमध्ये हा वाद ठरलेला: पहिल्या फेरीतली निवड सेफ्टीवर, म्हणजे बचावाच्या मागच्या फळीतल्या खेळाडूवर, खर्च करायची का, आणि करायचीच तर कोणत्या प्रकारच्या? माझ्या डोळ्यांसमोर दोघं येतात. बाल्टिमोर रेव्हन्सने २०२२ मध्ये १४व्या क्रमांकावर घेतलेला काइल हॅमिल्टन आणि मायामी डॉल्फिन्सने २०१८ मध्ये ११व्या क्रमांकावर घेतलेला मिंका फिट्झपॅट्रिक. दोघंही फर्स्ट-टीम ऑल-प्रो (मोसमातल्या सर्वोत्तम खेळाडूंच्या यादीत) झाले, पण अगदी उलट वाटांनी.

हॅमिल्टन ६ फूट ४ इंच उंच, वजन १०० किलोच्या आसपास. समोरचा संघ दोन टाइट एंड (ब्लॉकही करणारे आणि पासही पकडणारे धिप्पाड खेळाडू) घेऊन उतरला की बचावाची पंचाईत होते. स्लॉटमध्ये (लाइन आणि कडेचा रिसीव्हर यांच्यामधल्या जागेत) लहान चणीचा कॉर्नर, म्हणजे पास पकडणाऱ्यांना रोखणारा बचावपटू, ठेवला तर रनच्या, म्हणजे चेंडू घेऊन धावण्याच्या, वेळी तो ढकलला जातो. त्याला काढून लाइनबॅकर (बचावाच्या मधल्या फळीतला दणकट खेळाडू) आणला तर पासच्या वेळी टाइट एंड त्याला मागे टाकतो. हॅमिल्टन स्लॉटमध्ये असला की कुणाला बदलावंच लागत नाही. तो ब्लॉक अंगावर घेईल, टाइट एंडसोबत धावेल की थेट क्वार्टरबॅकवर (पास फेकणाऱ्यावर) जाईल, हे स्नॅपआधी, म्हणजे चेंडू खेळात येण्याआधी, ताडता येत नाही. मला सगळ्यात मोलाचं हेच वाटतं. २०२३ मध्ये कोल्ट्सविरुद्ध त्याने एकाच सामन्यात ३ सॅक केले, म्हणजे क्वार्टरबॅकला पास फेकण्याआधीच पाडलं. त्याच मोसमात ब्राउन्सविरुद्ध, खेळ सुरू होतो न होतो तोच, त्याने डेशॉन वॉटसनचा पास हाताने वर उडवला, स्वतःच पकडला आणि थेट एंड झोन (गुण मिळवून देणारा मैदानाच्या टोकाचा पट्टा) गाठला.

पण तेव्हा मागची राखण कोण करत होतं, हेही बघा. रेव्हन्सचाच दुसरा सेफ्टी जीनो स्टोन याने त्या मोसमात ७ इंटरसेप्शन घेतले होते, म्हणजे समोरच्यांचे पास मधेच पकडले होते. २०२४ मध्ये स्टोन बेंगल्सकडे गेला, मागे खेळणाऱ्या मार्कस विल्यम्सचा खेळ घसरला आणि समोरच्यांचे लांबचे पास सर्रास बसू लागले. शेवटी हॅमिल्टनलाच मागे न्यावं लागलं. बचाव सावरला खरा, पण स्लॉटमधला तो दरारा गेला. त्याला पुन्हा पुढे आणता यावं म्हणून २०२५ मध्ये पहिल्या फेरीची निवड मलाकाय स्टार्क्स या सेफ्टीवर लागली, आणि मोसम सुरू असताना ओडाफे ओवेसारखा पास रशर (क्वार्टरबॅकवर धावून जाणारा) देऊन अलोही गिलमन हा सेफ्टी आणला. हॅमिल्टनचा ४ वर्षांचा १० कोटी डॉलर्सचा करार वेगळाच! हा सगळा खर्च एकाच खात्यात धरायला हवा.

फिट्झपॅट्रिकला मायामीने हरकाम्या करून टाकलं होतं. आज स्लॉट, उद्या लाइनजवळ (जिथून खेळ सुरू होतो तिथे). त्याला ते मानवलं नाही. सप्टेंबर २०१९ मध्ये स्टीलर्सनी पहिल्या फेरीची निवड देऊन त्याला घेतलं आणि फ्री सेफ्टी (सगळ्यात मागे राखण करणारा) म्हणून मागे उभं केलं. त्याच मोसमात ५ इंटरसेप्शन, त्यातलं एक कोल्ट्सविरुद्ध ९६ यार्ड धावून टचडाउन. पुढे २०२० आणि २०२२ मध्येही ऑल-प्रो.

लाइनजवळ धुमाकूळ घालतो म्हणून कुणाला हरहुन्नरी समजू नका. सीहॉक्सनी २०२० मध्ये पहिल्या फेरीच्या दोन निवडी देऊन सेफ्टी जमाल अ‍ॅडम्स आणला. त्या मोसमात ९.५ सॅक, पुढच्या मोसमात शून्य.

तेव्हा तुमच्या संघाकडे मागे भरवशाचा माणूस असेल आणि गटातले प्रतिस्पर्धी टाइट एंडवर खेळत असतील, तर हॅमिल्टनच्या जातीचाच घ्या, हात आखडू नका. लांबचे पास बसून सामने जात असतील, तर आधी फिट्झपॅट्रिकसारखा शोधा. आणि बचावाची आखणी करणारा समन्वयक दर दोन वर्षांनी बदलत असेल तरीही फिट्झपॅट्रिकसारखाच. हरहुन्नरी खेळाडूला रोज नवी जागा मिळत गेली, तर मायामीत झालं तेच पुन्हा होईल.